शिक्षा कोर्टात, सूट मंत्रालयात

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात साडेतीन वर्षांच्या अंतराने दोन मृतदेह आले. पहिला मार्च २०२१ मध्ये, रेतीबंदरला खाडीत सापडलेला, ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन यांचा. दुसरा २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी, मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागलेल्या, बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातल्या आरोपी अक्षय शिंदेचा. पहिल्या प्रकरणात राष्ट्रीय तपास संस्थेने ज्यांच्यावर आरोपपत्र ठेवले, त्यांत आजी-माजी पोलीस आहेत. दुसऱ्यात दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. आरोप सिद्ध होणे ही पुढची गोष्ट. पण सिद्ध झाले तर शिक्षा किती, हा प्रश्न कळव्यात तेव्हापासून विचारला जातो आणि त्यावर दोन टोकांची मते आहेत.

इथे ती मते मी दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत. एक काका, पोलीस खात्यातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुसरी त्यांच्याच इमारतीत राहणारी, ठाण्याच्या कोर्टात फौजदारी कामे चालवणारी वकील. माणसे माझी आहेत. प्रकरणे, तारखा आणि निकाल खरे आहेत.

काका: आधी सरळ हिशेब सांग. खिसेकापूने पाकीट मारलं तर चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. तेच पाकीट पोलिसाने मारलं तर आतले पैसे वाढतात का? गुन्हा तोच, मग शिक्षाही तीच पाहिजे. आम्हाला जादा कशाला?

वकील: पैसे वाढत नाहीत, काका. पण खिसेकापूसाठी कुणी स्वतःहून दार उघडत नाही. तुम्ही नोकरीत असताना रात्री दोनला खारेगावात कुणाची कडी वाजवलीत तर आतला माणूस दार उघडायचा. तो तुम्हाला ओळखत नव्हता, वर्दीला ओळखत होता. ती वर्दी, ती बेडी, ते पिस्तूल, कुणालाही गाडीत घालून न्यायचा अधिकार, हे सगळं सरकारने लोकांच्या वतीने दिलेलं. त्याच्याच जोरावर गुन्हा केला तर नुकसान दोन ठिकाणी होतं. एक ज्याला लुटलं किंवा मारलं त्याचं. दुसरं उद्यापासून दार उघडायला घाबरणाऱ्या प्रत्येकाचं.

काका: हे भाषण झालं. कायद्यात कुठे लिहिलंय?

वकील: लिहिलंय, आणि आपल्याच राज्यातल्या प्रकरणामुळे लिहिलंय. देसाईगंजचं पोलीस ठाणं, मार्च १९७२. मथुरा या नावाने जिचं प्रकरण ओळखलं जातं ती आदिवासी मुलगी, आणि ठाण्यातले दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष दिलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे तिच्याच विरुद्ध धरलं गेलं. वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराला किमान सात वर्षं ठरली. आपल्या ठाण्याच्या हद्दीत किंवा आपल्या ताब्यातल्या बाईवर पोलिसाने केला तर किमान दहा. २०१८ पर्यंत ती वरची तीन वर्षं वर्दीची होती, काका.

काका: त्या गुन्ह्याला तू वीस वर्षं म्हणालीस तरी मी हरकत घेणार नाही. पण तिथे साहेब हुकूम देत नाही, तो माणूस स्वतःच्या वासनेने जातो. मी बोलतोय ते ड्युटीवर असताना, हुकमाने, पथकात राहून जे होतं त्याबद्दल. तिथे शिपायाला आणि साहेबाला एकाच मापाने मोजणार का?

काकांचा हा प्रश्न सोडवायचा तर मुंबईतल्या एका खटल्याकडे जावे लागते. पोलिसांना इतक्या मोठ्या संख्येने जन्मठेप झाल्याचे उदाहरण महाराष्ट्रात तेच आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला एका मित्रासह वाशीतून उचलले आणि त्याच रात्री वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ तो चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील. भावाला उचलल्याचे कळताच त्याने त्याच दुपारी पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते: माझ्या भावाला पळवून नेले आहे, त्याला खोट्या चकमकीत मारतील. मृत्यूच्या आधीच्या वेळेचे ते कागद खटल्यात उभे राहिले. उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करवली आणि २००९ मध्ये पोलीस अधिकारी के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. लखनभैयाबरोबर उचललेला मित्र हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता. साक्षीच्या तोंडावर, मार्च २०११ मध्ये तो बेपत्ता झाला, आणि पुढे त्याचा मृतदेह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या मनोर भागात सापडला. तरीही खटला चालला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने एकवीस जणांना जन्मठेप दिली. त्यांत तेरा पोलीस होते.

काका: आणि चौदावा सुटला. हे सांगायचं राहिलं. प्रदीप शर्मा. ज्यांच्या नावावर शंभराहून जास्त चकमकी सांगतात, ज्यांच्या शब्दावर पथक हलायचं असं सगळे म्हणत होते, ते निर्दोष. शिपाई, हवालदार, फौजदार मात्र जन्मठेपेवर. शर्मासाहेब पुढे परत नोकरीत आले, आपल्या ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख झाले, २०१९ ला नालासोपाऱ्यातून आमदारकीला उभे राहिले. त्या वेळी येरवड्याच्या, कळंब्याच्या आत बसलेल्या शिपायाला काय वाटलं असेल, हे तुमच्या कायद्याच्या पुस्तकात असतं का?

वकील: ते निकालात आलं, पण उशिरा. १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांनी, शर्मांची सुटका रद्द केली आणि त्यांनाही जन्मठेप दिली. बारा पोलिसांची आणि एका खाजगी माणसाची शिक्षा कायम ठेवली. सहा जणांना सोडलं. बाकीचे दोघं मधल्या काळात वारले होते.

काका: आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्मासाहेबांच्या शरण जाण्याला स्थगिती दिली.

वकील: दिली. अपील हा त्यांचा हक्क आहे, त्याच्याविरुद्ध मी बोलणार नाही.

काका: मीही नाही बोलत. मी एवढंच म्हणतो की वरच्याला अकरा वर्षं सुटका मिळाली आणि खालच्याला पहिल्या दिवसापासून तुरुंग. शिक्षा वाढवा म्हणतेस ना? वाढवशील ती खालच्याचीच वाढेल. साहेब तोंडी सांगतो. "अमुक ठिकाणी ये, हत्यार घेऊन ये." कागदावर सही माझी. स्टेशन डायरीत नोंद माझ्या हातची. साहेब हिंदीत एक वाक्य बोलून गाडीत बसतो. पुरावा कुणाविरुद्ध तयार होतो?

वकील: मग डायरीत खरी नोंद करायची.

काका: आणि दुसऱ्या दिवशी? कसुरी अहवाल, वेतनवाढ बंद, मुलांची शाळा अर्ध्यात असताना बदली. कंट्रोलला बसवून ठेवतात सहा-सहा महिने. रजा मागितली तर मिळत नाही, पोलीस लाइनीतली खोली खाली करायची नोटीस येते. नाही म्हणणाऱ्या शिपायाला वाचवणारा एक कायदा दाखव.

इथे मी काकांच्या बाजूचा आहे, आणि ते लपवत नाही. पोलिसाला जादा शिक्षा का, याचे उत्तर वकीलबाईंनी दिले ते बरोबर आहे: त्याच्याकडे जादा अधिकार असतो म्हणून. पण मग अधिकार जितका मोठा, तितकी शिक्षा मोठी झाली पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पदाची पायरी जसजशी वर जाते, तसतसा कागद पातळ होतो. गोळी झाडणाऱ्याचे पिस्तूल, त्याची सही, त्याचा मोबाइल टॉवर, सगळे सापडते. हुकूम देणाऱ्याचे काहीच सापडत नाही. शर्मांच्या बाबतीत पुरावा पाहण्यात सत्र न्यायालय चुकले असे उच्च न्यायालयाला म्हणावे लागले, त्यालाही अकरा वर्षे जावी लागली.

वकील: तुमचं दुःख खरं आहे, काका. पण "हुकूम होता" हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात फेटाळलं आहे. मे २०११. जामिनाचा मुद्दा होता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंच्या खंडपीठाने सांगितलं की खोटी चकमक हा थंड डोक्याने केलेला खून आहे, तो दुर्मिळातला दुर्मीळ गुन्हा समजून पोलिसांना फाशी दिली पाहिजे. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी अधिकाऱ्यांनीही वरचा हुकूम पुढे केला होता, तो चालला नाही, याचा दाखलाही दिला. बेकायदेशीर हुकूम पाळायचा नसतो, हे कॉन्स्टेबलला भरतीच्या पहिल्या वर्षी शिकवतात.

काका: शिकवतात. परीक्षेपुरतं. आणि फाशीचं म्हणशील, तर न्यायमूर्ती बोलले २०११ मध्ये, सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये जन्मठेपच दिली. मला सांग, फाशी झाली असती तर तुला आनंद झाला असता?

वकील: नाही. मी फाशीच्या विरोधात आहे, पोलिसाच्याही. माझं दुसरं कारण व्यवहारातलं आहे. शिक्षा जितकी भयंकर, तितका न्यायाधीश पोलिसाला दोषी धरायला कचरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीत १८८८ मृत्यू. दोषी ठरलेले पोलीस २६. या आकड्यापुढे फाशी की जन्मठेप हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

काका: सगळेच काही मारहाणीने मरत नाहीत. आजारी असतात, गळफास घेतात.

वकील: मान्य. तरी सव्वीस?

काकांकडे यावर उत्तर नव्हते, आणि माझ्याकडेही नाही. कोठडीत माणूस एकटा असतो आणि साक्षीदार सगळे एकाच खात्याचे असतात. विधी आयोगाने १९८५ च्या आपल्या ११३ व्या अहवालात सुचवले होते की कोठडीत असताना माणसाला इजा झाली, तर ती पोलिसाने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी पोलिसावर टाकावी. चाळीस वर्षे झाली. पुरावा कायदा बदलून नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ते कलम आलेले नाही.

वकील: काका, आपण सारखे गोळीवरच येतो. मी तुम्हाला गोळी नसलेला गुन्हा सांगते. बदलापूर, ऑगस्ट २०२४. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. आईवडील तक्रार द्यायला ठाण्यात गेले तर त्यांना कित्येक तास बसवून ठेवलं. वीस तारखेला लोकांनी रेल्वे अडवली, ती त्याच रागातून. तीन पोलिसांना निलंबित केलं.

काका: केलं ना? मग झाली कारवाई.

वकील: निलंबन ही शिक्षाच नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून चालू असतो. चौकशी संपली की माणूस परत येतो. पोलीस अधिकारी सचिन वाझे ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात २००४ पासून निलंबित होते, जून २०२० मध्ये सोळा वर्षांनी परत घेतले. नऊ महिन्यांत ते पुन्हा अटकेत, या वेळी अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या गाडीचं आणि हिरेन यांच्या मृत्यूचं प्रकरण. मी आरोपाला शिक्षा म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ख्वाजा युनूसचा खटला वेळेत संपला असता, दोषी असोत वा निर्दोष, तर निलंबन आणि पुनर्नियुक्ती हा खेळ झालाच नसता.

काका: बदलापूरचं पुरं कर.

वकील: दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये दंड संहितेत १६६अ हे कलम आलं. अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदवायला पोलिसाने टाळाटाळ केली तर किमान सहा महिने सक्तमजुरी, जास्तीत जास्त दोन वर्षं. न्याय संहितेतही ते ठेवलंय. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहिली नाही म्हणून तो सहा महिने तुरुंगात गेला, असं तुमच्या नोकरीत कधी ऐकलंत?

काका: नाही ऐकलं.

वकील: आणि त्याच्या वरचं जुनं कलम, १६६. लोकसेवकाने एखाद्याचं नुकसान करायच्या हेतूने कायदा मोडला तर जास्तीत जास्त एक वर्ष, तेही साधी कैद. इंग्रज हे कलम लिहून गेले १८६० मध्ये आणि आपण ते तसंच नव्या संहितेत उतरवलं. त्यांच्या स्वतःच्या देशात सार्वजनिक पदाचा गैरवापर हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला कमाल शिक्षा जन्मठेप. २०२० मध्ये लंडनच्या वेम्बली भागात दोन बहिणींचा खून झाला. घटनास्थळावर पहाऱ्याला ठेवलेल्या दोन शिपायांनी मृतदेहांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. डिसेंबर २०२१ मध्ये दोघांनाही दोन वर्षं नऊ महिने.

काका: फोटोला पावणेतीन वर्षं?

वकील: फोटोला. त्यांनी कुणाला हातही लावला नव्हता.

काका: आपल्याकडे असा नियम लावला तर निम्मं खातं आत जाईल. पंचनाम्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात.

काका हे सहज बोलून गेले, पण मला ते फार महत्त्वाचे वाटते. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल आपण बोलतो तेव्हा नजर चकमकीवर असते, कारण तिथे रक्त आहे, राजकारण आहे, दूरचित्रवाणी आहे. रोजचे गैरवर्तन कळवा नाक्यावर, मुंब्र्यात, डोंबिवलीत, कुठल्याही ठाण्यात कागदावर होते. फिर्याद न घेणे, अदखलपात्र करून पिटाळणे, बाईला संध्याकाळनंतर बसवून ठेवणे, जबाबात दोन ओळी स्वतःच्या घालणे. त्या प्रत्येकाला कायद्यात शिक्षा आहे. खोटा दस्त तयार केला तर तीन वर्षे, कबुलीसाठी दुखापत केली तर सात, गंभीर दुखापत केली तर दहा. या शिक्षा वापरल्या गेल्या असत्या, तर चकमकीपर्यंत जाण्याची धिटाई खात्यात कमी जणांना झाली असती असे माझे मत आहे. पहिली खोटी नोंद पचली की पुढची सोपी जाते.

वकील: अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला मारणाऱ्या डेरेक शोविनला जून २०२१ मध्ये साडेबावीस वर्षं झाली. तिथल्या मार्गदर्शक तक्त्यात त्याच्या गुन्ह्याला साडेबारा वर्षं बसत होती. न्यायाधीशांनी वर दहा वर्षं वाढवली आणि कारण लिहून दिलं: पदाचा आणि विश्वासाचा गैरवापर, आणि क्रूरपणा. मला आपल्याकडे हेच हवंय. किती वर्षं द्यायची हे न्यायाधीशांनी ठरवावं, पण वर्दीमुळे किती वाढवली ते निकालपत्रात लिहावं. हुद्दा जितका वरचा तितकी जास्त, हेही लिहावं. तुमचा शिपाई आणि तुमचा साहेब एका मापात मोजू नयेत, हे मला तुमच्याइतकंच पटतं.

काका: लिहिलं. समज, लिहिलं. पुढे?

वकील: पुढे म्हणजे?

काका: पुढे सरकार काय करतं ते मी बघितलंय. २०१३ ला लखनभैया प्रकरणात जन्मठेप झाली. डिसेंबर २०१५ मध्ये गृहखात्याने त्यातल्या अकरा पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. आमच्या लोकांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला असेन. त्या वेळी वाटलं, सरकार आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहिलं.

वकील: रामप्रसाद गुप्ता हायकोर्टात गेले आणि तो आदेश रद्द झाला.

काका: झाला. पण भाऊ वकील नसता तर? एखाद्या हमालाचा भाऊ असता तर कुणी गेलं असतं हायकोर्टात?

वकील: कुणीही नाही. माझा सगळा मुद्दा इथेच आहे, काका. कोर्टाने दिलेली शिक्षा मंत्रालयातून कमी होते. शिक्षा स्थगित करायचा किंवा माफ करायचा अधिकार सरकारला कायद्याने आहे, तो इतर कैद्यांसाठी असायलाच हवा. पण इथे ज्याने गुन्हा केला तो सरकारचाच नोकर, पिस्तूल सरकारचं, आणि सूट देणारंही सरकार. त्याच खटल्यातला विनायक शिंदे हा शिक्षा झालेला शिपाई करोनाकाळात रजेवर बाहेर आला. मार्च २०२१ मध्ये त्याला हिरेन यांच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप खरा की खोटा ते कोर्ट ठरवेल. पण जन्मठेपेचा कैदी बाहेर आल्यावर पुन्हा पोलीस अधिकाऱ्याच्या दिमतीला होता, हा तपास यंत्रणेचा आरोपच किती भयंकर आहे!

काका: रजा सगळ्यांना दिली होती. तुरुंगात साथ पसरत होती.

वकील: रजेला माझी हरकत नाही. रजेवर गेलेला माणूस कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे कुणी विचारलं नाही, याला आहे.

सूट मिळायची दुसरी वाट शिक्षेच्या आधी येते, आणि ती कळव्याच्या शेजारच्या मुंब्र्याला चांगली ठाऊक आहे. जून २००४ मध्ये अहमदाबादजवळ मारली गेलेली इशरत जहाँ मुंब्र्याची. ती दहशतवादी होती की नव्हती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१३ मध्ये ती चकमक खोटी असल्याचे आरोपपत्र गुजरातच्या पोलीस अधिकाऱ्यांवर ठेवले होते. लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. गुजरात सरकारने ती नाकारली. २०१९ मध्ये आणि मग मार्च २०२१ मध्ये उरलेले अधिकारी आरोपमुक्त झाले. साक्षी-पुरावे तपासून ते निर्दोष ठरते तर गोष्ट वेगळी होती. इथे खटलाच उभा राहिला नाही, म्हणून शिक्षेचा प्रश्नही आला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असे धरायचे, अशी तरतूद आहे. ती चांगली आहे. पण सरकार वेळेत "नाही" म्हणाले तर तीही निकामी होते.

काका: आता मुंब्रा बायपासवर ये. मला माहीत आहे तुझं तिथेच येणार. मी तुला आधीच सांगतो. तो पोरगा दोन लहान मुलींवर अत्याचाराचा आरोपी होता. तो मेला तेव्हा बदलापुरात लोकांनी फटाके फोडले, पेढे वाटले. पोलिसांनी लोकांच्या मनातलं केलं असं सगळे म्हणत होते. आज त्याच पोलिसांना तुरुंगात घाला म्हणताय. लोक सोडून पोलिसाला एकट्याला का धरता?

वकील: कारण लोकांच्या हातात बेडी नव्हती, काका. अक्षय शिंदे तळोजा कारागृहातून ठाण्याला आणला जात होता. तो सरकारच्या ताब्यात होता, खटला सुरू व्हायचा होता. त्या दोन मुलींना कोर्टात न्याय मिळायचा होता, तोही त्या गोळीने गेला. पोलीस म्हणाले त्याने पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणासाठी मारला. दंडाधिकाऱ्यांनी जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला की वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं, पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पथक नेमण्याचं काम पोलीस महासंचालकांकडे सोपवलं.

काका: आईबाप तर म्हणाले आम्हाला पुढे लढायचं नाही.

वकील: म्हणाले. मुलाला पुरायला जागा मिळत नव्हती, त्यासाठीही कोर्टात जावं लागलं होतं, शेवटी उल्हासनगरात पुरला. असे आईबाप किती लढणार? न्यायालयाने तरी प्रकरण सोडलं नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत मोठं वाटतं. आणि तारीख बघा. चकमकीनंतर काय करायचं, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणावरून घालून दिले, २३ सप्टेंबर २०१४ ला. गुन्हा नोंदवा, वेगळ्या यंत्रणेकडून तपास करा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावा, लगेच बढती आणि शौर्यपदक देऊ नका. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, बायपासवर ती गोळी सुटली.

काका: दोषी ठरले तर त्या पाचांना काय देशील? गाडीत चालकही होता. त्याने स्टिअरिंग धरलं होतं, पिस्तूल नाही.

वकील: मी न्यायाधीश असते तर आधी पाहिलं असतं की कट होता का, आणि त्यात कोण होतं. कट सिद्ध झाला तर सगळ्यांना जन्मठेप, लखनभैया प्रकरणासारखी. नाही झाला तर गोळी झाडणारा वेगळा, आणि चालकाने खोटा जबाब दिला असेल तर त्याची शिक्षा खोट्या जबाबाची. आणि गाडी त्या दिवशी त्या वेळी त्या रस्त्याने न्यायचा हुकूम कुणाचा, ते शेवटपर्यंत शोधलं असतं.

काका: ते शोधशील तर मी तुझ्या बाजूने. माझ्या दोन अटी लिहून घे. नाही म्हणणाऱ्या शिपायाची बदली पाच वर्षं करायची नाही. आणि हत्यार घेऊन निघायचा प्रत्येक हुकूम लेखी, साहेबाच्या सहीने. तोंडी हुकूम पाळला नाही म्हणून कसुरी लागता कामा नये.

वकील: लिहिल्या. माझीही एक अट. शिक्षा झालेल्या पोलिसाला सूट द्यायचा कागद मंत्रालयात हलला, की पहिली नोटीस मेलेल्याच्या घरी गेली पाहिजे. त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय सही नाही. आणि सूट का दिली, ते कारण लेखी.

काका: मेलेल्याच्या घरी कुणी राहिलंच नसेल तर?

वकील: तर उच्च न्यायालयात.